‘कंपाउंड’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर माझं भाषांतराचं आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. एकदा एकाच सकाळी तीन गिऱ्हाइकं आली. एका काकांकडे मुदत ठेवीची पावती होती, एका पोराकडे कोर्टाचा कागद, आणि शेजारच्या वहिनी मुलीची विज्ञानाची वही घेऊन आल्या होत्या. तिघांचंही बोट एकाच शब्दावर होतं: कंपाउंड. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न तेव्हापासून मी एका वहीत उतरवून ठेवले. ते हे.

एका वाक्यात सांगा ना, कंपाउंड म्हणजे काय?

एका वाक्यात सांगता आलं असतं तर वही भरली नसती. दोन किंवा जास्त गोष्टी एकत्र आणून झालेली एक गोष्ट, हा झाला गाभा. पण रसायनशास्त्रात त्याला संयुग म्हणतात, व्याजाच्या हिशेबात चक्रवाढ, व्याकरणात कधी सामासिक तर कधी संयुक्त, कोर्टात आपसात मिटवण्याजोगा, आणि घराभोवती असेल तर भिंत. इंग्रजीनं सगळे कपडे एका खुंटीला टांगलेत, मराठीनं प्रत्येकाला वेगळी खुंटी दिली आहे. म्हणून कोणी फोनवर नुसतं “कंपाउंडला मराठीत काय म्हणतात हो?” असं विचारलं, की मी आधी म्हणते, अख्खं वाक्य वाचा.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘कोंपोनेरे’ असं क्रियापद आहे. ‘कोम’ म्हणजे एकत्र, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. जुन्या इंग्रजी रूपात शेवटचा ‘ड’ नव्हता, तो नंतर चिकटला. याच घरातली आणखी भावंडं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत: कंपोनंट, कंपोझिशन आणि शेतातलं कंपोस्ट. छापखान्यातला कंपोझिटरसुद्धा त्यांतलाच. शिशाचे खिळे एकापुढे एक ठेवून ओळ जुळवायची, हे त्याचं काम. आता खिळे गेले, कीबोर्ड आला. माझ्या दुकानाच्या पाटीवर मात्र अजून ‘कंपोझिंग’ असंच लिहिलेलं आहे.

मग घराभोवतीचं कंपाउंड? तिथे काय एकत्र केलंय?

काहीच नाही. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर कोणालाच अपेक्षित नसतं. भिंतीचं कंपाउंड आणि रसायनातलं कंपाउंड हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण जन्म वेगळा.

आवार या अर्थाचा शब्द लॅटिनमधून आलेला नाही. मलय भाषेत ‘कांपुंग’ म्हणजे वस्ती, घरांचा पुंजका. मलेशियाला जाऊन आलेल्यांनी क्वालालंपूरचं ‘कांपुंग बारू’ पाहिलं असेल. पूर्वेकडच्या वखारींत वावरणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी हा शब्द बसला, आणि वखारीभोवतीच्या बंदिस्त आवाराला इंग्रज ‘कंपाउंड’ म्हणू लागले, असं बहुतेक कोशकार मानतात. हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा जो प्रसिद्ध कोश यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये काढला, त्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येही या शब्दावर बरीच चर्चा आहे. ओळखीच्या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळला म्हणून त्याचंच स्पेलिंग याला चढवलं गेलं.

पुढची गंमत मराठीनं केली. इंग्रजीत कंपाउंड म्हणजे आतली जागा, आणि भिंत म्हणजे कंपाउंड वॉल. आपण ‘वॉल’ गाळली आणि भिंतीलाच कंपाउंड म्हणू लागलो. “पोरं कंपाउंडवरून उड्या मारतात” म्हणजे भिंतीवरून. द्राक्षबागेला “तारेचं कंपाउंड” असतं, तिथे तर भिंतही नसते. म्हणून मिळकतीच्या कागदांचं भाषांतर करताना मी दरवेळी विचारते, इथे आवार म्हणायचंय की भिंत? कारण “कंपाउंड सामायिक आहे” या वाक्याचे दोन अर्थ झाले की दोन भावांचे दोन वकील होतात.

कुंपण आणि कंपाउंड एकच का?

कानाला तसं वाटतं खरं. पण नुसत्या आवाजाच्या साम्यावर सोयरीक जमवता येत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, शेत खातं तेही कुंपणच. त्या म्हणींत कंपाउंड घालून बघा, बसत नाही.

विज्ञानातलं कंपाउंड म्हणजे मिश्रणच ना?

नाही, आणि इथे मुलांचे मार्क जातात. पाठ्यपुस्तकातले चार शब्द आधी पक्के करू: मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, संमिश्र. यांतलं कंपाउंड म्हणजे फक्त संयुग. हिंदी माध्यमाच्या पुस्तकांत त्याला ‘यौगिक’ म्हणतात. बऱ्याच भाषांतरांत हा शब्द हिंदीतून तसाच घुसतो आणि मराठी वाचकाला योगासनं आठवतात.

आता नाशिकमध्ये राहून मिश्रण समजावायला मिसळीइतकं सोपं उदाहरण नाही. नावातच मिसळणं आहे. मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर, रस्सा. प्रमाणाचा काही नियम नाही. या दुकानात फरसाण जास्त, त्या दुकानात रस्सा झणझणीत. मनात आणलं तर चमच्यानं मटकीचा दाणा वेगळा काढता येतो, आणि तो मटकीच असतो, दुसरं काही झालेला नसतो.

आता मोरचूद घ्या. निळेशार खडे, द्राक्षवाल्यांच्या घरी असतातच. त्यात तांबं, गंधक, ऑक्सिजन आणि स्फटिकात अडकलेलं पाणी आहे. तांबं तांबूस, गंधक पिवळं, आणि खडा निळा! म्हणजे घटकांचा स्वभाव पार बदलला. चिमट्यानं तांब्याचा कण उचलता येत नाही. आणि प्रमाण ठरलेलं: मोरचूद शुद्ध असेल, तर निफाडहून आणा की परदेशातून मागवा, किलोभर खड्यात तांबं साधारण २५४ ग्रॅमच निघणार. मिसळीला असा नियम लावून बघा बरं. खडा तव्यावर तापवला तर पाणी उडून जातं आणि निळा रंग जाऊन पांढुरकी पूड उरते. (घरच्या तव्यावर करू नका, विषारी आहे.)

राहिलं संमिश्र. त्यासाठी भांडीबाजारात जावं लागेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. दोन्ही वितळवून एकजीव केलेले, डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, तरी ते संयुग नव्हे. कारण प्रमाण हलवता येतं. सत्तर-तीसचं पितळ असतं, साठ-चाळीसचंही असतं. माझ्या आईकडचं पितळेचं पातेलं कल्हईला दिलं तेव्हा कल्हईवाल्यासमोर मी तासभर उकिडवी बसले होते. तापलेल्या भांड्यात त्यानं नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवली. पिवळं पातेलं आतून चंदेरी झालं. त्या एका पातेल्यात सगळा धडा आहे: पितळ हे संमिश्र, कथील हे मूलद्रव्य, नवसागर हे संयुग. आणि कल्हई उडाल्यावर त्यात ताक ठेवलं की ते कळकतं. तो कळक म्हणजे आंबट पदार्थामुळे तयार झालेले तांब्याचे क्षार, तीही संयुगंच. आजी “पितळेत आंबट ठेवू नये गं” म्हणायची ती रसायनशास्त्रच सांगत होती, फक्त सूत्राविना.

बोर्डो ‘मिश्रण’ आहे, मग ते संयुग नाही?

पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदार नानांचा हा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर आहे. बोर्डो म्हणजे द्राक्षवेलींवर फवारायचं औषध. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून मग तिसऱ्या पिंपात एकत्र ओतायचं, ढवळत ढवळत. नावात मिश्रण असलं तरी पिंपात नुसती मिसळामिसळ होत नाही. मोरचूद आणि चुना यांची रासायनिक क्रिया होते आणि तांब्याची नवी, पाण्यात सहज न विरघळणारी संयुगं तयार होतात. म्हणून तर ती पानावर टिकतात आणि डाउनी नावाच्या वेलीवरच्या रोगाला रोखतात. आणि म्हणूनच बोर्डो त्याच दिवशी वापरायचा, शिळा चालत नाही.

नानांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, “विळा बुडवून बघतोच की आम्ही.” द्रावणात लोखंडी विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, चुन्याची निवळी अजून घालायची. लोखंड तांब्याला द्रावणातून हुसकावतं आणि तांबं पात्यावर येऊन बसतं, हेच प्रयोगशाळेत विस्थापन अभिक्रिया म्हणून शिकवतात.

हा बोर्डो फ्रान्समधल्या बोर्दो भागातला. तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तांब्याचं नि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ही कृती जाहीर केली. थोडक्यात, चोरांच्या भीतीनं सापडलेलं औषध.

हिंगाच्या डबीवर ‘कंपाउंडेड’ लिहिलंय. भेसळ आहे का?

भेसळ नाही, डबीवर उघड लिहून मिसळलेलं आहे. अस्सल हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियाकडच्या एका झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र की थेट फोडणीत घातला तर घर सोडून पळावं लागेल. म्हणून तो डिंक आणि पिठात मळून सौम्य करतात, आणि तोच डबीत मिळतो. इथे कंपाउंडेड म्हणजे संयुग नाही, नुसतं मिसळून तयार केलेलं.

पण डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. ज्यांना गहू सोसत नाही, त्यांच्या पोटात गहू असा आमटीतूनही जातो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. माझ्या सासूबाईंनी हे ऐकल्यापासून उपासाच्या पदार्थांतला हिंग बंद केला. पूर्वी त्या डबीला हिंग लावूनही कोणी विचारत नव्हतं, आता ती भिंगातून वाचली जाते.

केकवाल्या ‘डार्क कंपाउंड’ म्हणतात ते काय?

चॉकलेटचा स्वस्त चुलतभाऊ. कोकोतल्या मूळ लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तूप घालून केलेली वडी. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे खरं चॉकलेट एप्रिलमधल्या नाशकात पोचेपर्यंत हातपाय गाळतं. शिवाय ते ठरावीक तापमानात चढउतार करून घ्यावं लागतं, नाहीतर वर पांढुरके डाग येतात. कंपाउंडला तो सोपस्कार नाही, वितळवा आणि ओता. चवीत फरक आहे. जिभेवर मेणासारखं रेंगाळलं तर समजा काय ते.

आणि हार्डवेअरमधलं? रबिंग कंपाउंड, पीव्हीसी कंपाउंड?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत “कंपाउंड आलं का?” म्हणतात ते साच्यात घालायला तयार केलेल्या मालाबद्दल. रबरात गंधक, काजळी आणि बाकीची द्रव्यं मळून केलेला गोळा. गाडीच्या ओरखड्यांवर घासतात ती पेस्टही तशीच, ठरावीक कृतीनं कालवलेली. भाषांतर करू नका, कंपाउंडच ठेवा. दुकानदाराला ‘घर्षण संयुग’ मागितलंत तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

कंपाउंड इंटरेस्ट म्हणजे चक्रवाढ, एवढं माहीत आहे. पण फरक खरंच किती पडतो?

सरळव्याज फक्त मुद्दलावर. चक्रवाढीत व्याज मुद्दलाला जाऊन मिळतं आणि पुढच्या फेरीत त्याच्यावरही व्याज चढतं. मिळून एक होण्याचा अर्थ इथे आहेच.

५०,००० रुपये, दरसाल १२ टक्के, पाच वर्षं. सरळव्याजानं ८०,००० होतात. वर्षातून एकदा चक्रवाढ धरली तर ८८,११७. तोच दर पण दरमहा चक्रवाढ धरली तर ९०,८३५. पहिल्या आणि शेवटच्या रकमेत पावणेअकरा हजारांचा फरक, आणि कागदावर दर तोच ‘१२ टक्के’. म्हणून दर विचारता तसं चक्र कितीचं हेही विचारा. बँका मुदत ठेवींवर साधारणपणे दर तिमाहीला चक्रवाढ देतात.

गावाकडे “शेकडा दोन” म्हणतात ते महिन्याचं असतं, हे शहरात वाढलेल्यांच्या लक्षात येत नाही. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. व्याज वेळेवर दिलं नाही आणि ते मुद्दलात धरलं, तर वर्षाला २६.८२ टक्के पडतात, आणि पस्तिसाव्या महिन्याला लाखाचे दोन लाख होतात. अगदी नेमकं म्हणाल तर अकरा रुपये कमी.

इथे एक जुना शब्द आठवतो: दामदुपट. कर्जाचं थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, असा हा हिंदू कायद्यातला नियम, आणि जुन्या मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो मानला. म्हणजे चक्र फिरत राहिलं तर माणूस चिरडतो हे आपल्याकडच्या लोकांना हिशेबाची पुस्तकं येण्याआधीच ठाऊक होतं. घाईत हिशेब करायचा असेल तर ७२ ला दरानं भागा. आठ टक्क्यांनी पैसे साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतात.

कोर्टाच्या कागदावर ‘कंपाउंडेबल’ लिहिलंय. गुन्हा मोठा आहे का?

उलट, मिटवता येण्यासारखा आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या पोराची गोष्ट हीच. चेक परत गेल्याचं प्रकरण होतं. त्यानं मोबाइलमध्ये भाषांतर करून पाहिलं, तर आलं ‘संयुक्त अपराध’. ते वाचून वडिलांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, “अरे, तुझ्याबरोबर आणखी कोणकोण आहेत यात? खरं सांग.” दोन दिवस घरात त्या नसलेल्या साथीदारांवरून भांडण. पोरगा शपथा घेतोय, बाप ऐकत नाही. मी “तडजोडपात्र” असं लिहून दिलं तेव्हा तो तिथेच बाकावर बसून पाणी प्यायला.

इंग्रजी कायद्यात ‘कंपाउंड’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ आहे: देणंघेणं करून समेट करणं. सावकाराशी कर्जाबाबत समेट केला तरी ‘कंपाउंड’ म्हणत. तोच अर्थ आपल्या कायद्यात आला. कोणते गुन्हे फिर्यादीला आपसात मिटवता येतात आणि कोणते कोर्टाच्या परवानगीनं, याची यादी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५९ तिच्या जागी आलं. असा गुन्हा रीतसर मिटवला की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो. चेकच्या प्रकरणाची तडजोड मात्र चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) स्वतःच्या कलम १४७ नं होते. लोकअदालतीत गुन्ह्याची प्रकरणं घेतात तीही मिटवण्याजोगीच. खून, दरोडा असली नॉन-कंपाउंडेबल प्रकरणं तिथे जात नाहीत, दोन्ही बाजू कितीही राजी असोत.

सरकारी मराठीत “आपसात मिटवता येण्याजोगा अपराध” असं लिहितात. लांब आहे, पण वाचणाऱ्याला कळतं. मला तरी ‘शमनीय’पेक्षा तेच बरं वाटतं.

कंपाउंडिंग फी म्हणजे दंडच ना?

खिशाला फरक पडत नाही. कायद्याच्या भाषेत पडतो: खटला चालवून ठोठावला तो दंड, आणि खटल्याऐवजी ठरलेली रक्कम भरून प्रकरण संपवलं ते तडजोड शुल्क. वाहतुकीचे किरकोळ गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली असेच मिटतात.

कंपाउंड वर्ड म्हणजे जोडशब्द की जोडाक्षर?

जोडाक्षर अजिबात नाही, ते अक्षरांचं लग्न. कंपाउंड वर्ड म्हणजे सामासिक शब्द. आणि समास शिकायला नाशिकसारखं गाव नाही, नुसतं रिक्षात बसून फिरलं तरी चालतं. पंचवटी: पाच वडांचा समूह, द्विगू. रामकुंड: रामाचं कुंड, षष्ठी तत्पुरुष. काळाराम: काळा असा राम, कर्मधारय. पुढे त्र्यंबकला गेलात तर तीन अंबकं म्हणजे डोळे आहेत ज्याला तो, बहुव्रीही. घरी येऊन कांदेपोहे खाल्लेत तर कांदे घालून केलेले पोहे, मध्यमपदलोपी. ‘घालून केलेले’ हे शब्द गिळलेत तुम्ही. बाजाराच्या पिशवीत कांदेबटाटे असतील तर द्वंद्व.

इंग्रजीत समास कधी जोडून लिहितात, कधी मधे आडवी रेघ देतात, कधी दोन शब्द सुटेच ठेवतात. त्याच सवयीनं आता मराठीत ‘राम कुंड’, ‘द्राक्ष बाग’ अशा पाट्या दिसतात. मराठीत समास जोडून लिहायचा. ‘काळा राम’ असं तोडून लिहिलं की तो कोण्या शेजारच्या रामाचा रंग सांगितल्यासारखा वाटतो.

मग ‘संयुक्त’ हा शब्द कंपाउंडसाठी कधी वापरायचा?

वनस्पतीचं पान, किड्याचा डोळा, सूक्ष्मदर्शक, वाक्य, क्रियापद. एवढ्या ठिकाणी बिनधास्त. पण जपून, कारण ‘संयुक्त’ म्हणजे जॉइंटही आणि युनायटेडही. संयुक्त खातं बँकेत असतं, संयुक्त राष्ट्रं न्यूयॉर्कला, आणि संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. यांतलं कंपाउंड एकही नाही.

संयुक्त पान ओळखायला गुलाब बघा. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, तेव्हा नाशिककरांना एवढं यायला हवं. देठावर पाच-सात छोटी पानं दिसतात ती सुटी पानं नव्हेत, ते सगळं मिळून एक पान. पुरावा म्हणजे कोंब: तो मुख्य देठाच्या बगलेत फुटतो, छोट्या पर्णिकेच्या बगलेत कधीच नाही. द्राक्षाचं पान कितीही कातरलेलं दिसलं तरी साधंच.

हाडाचं कंपाउंड फ्रॅक्चर म्हणजे हाड दोन ठिकाणी मोडलंय?

नाही. हाड मोडलं आणि तिथे जखम उघडी आहे, कातडी फाटली आहे. धोका जंतुसंसर्गाचा. हा गैरसमज इतका पसरलेला की डॉक्टरही आता ‘ओपन फ्रॅक्चर’ म्हणतात. अशी जखम असेल तर शब्दाचा अर्थ नंतर, आधी दवाखाना.

बातमीत येतं, ‘द प्रॉब्लेम वॉज कंपाउंडेड बाय रेन’. हे कसं लिहायचं?

“पावसानं समस्या संयुक्त झाली” असं एकानं खरोखर लिहून आणलं होतं. इथे अर्थ आहे आधीच बिकट असलेलं आणखी बिकट होणं. “त्यात पावसाची भर पडली” एवढं पुरतं. जरा तिखट हवं असेल तर दुष्काळात तेरावा महिना आहेच, पण पावसाच्या बातमीत तो घालण्याआधी वाक्य एकदा मोठ्यानं वाचा.

उच्चार कॉम्पाउंड की कंपाउंड?

इंग्रजीत नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, कॉम्पाउंड. क्रियापद असेल तर शेवटावर, कम्पाउंड. मराठीत बोलताना सरसकट कंपाउंड म्हणा, कोणी हसणार नाही.

दवाखान्यातला कंपाउंडर यातलाच का?

यातलाच, आणि याचं उत्तर मला पाठ आहे, कारण माझे वडील पंचवटीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, आणि आतल्या खोलीत वडील वेगवेगळ्या बरण्यांतली औषधं मापून, कालवून एक औषध बनवायचे. अशा औषध बनवण्यालाच कंपाउंडिंग म्हणतात. तयार गोळ्यांच्या पट्ट्या आल्या आणि ते काम आटलं. शब्द मात्र सुया उकळणाऱ्या, नंबर लावणाऱ्या माणसाला चिकटून राहिला.

लोक घरून रिकाम्या बाटल्या धुऊन आणायचे. वडील त्यात गुलाबी औषध भरत आणि बाहेरून कागदाची एक पट्टी डकवत. ती पट्टी ते आधी दुमडून कातरीनं कडेला खाचा पाडून ठेवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. संध्याकाळी आम्ही बहिणी त्या पट्ट्या कातरायला बसायचो आणि खाचा सारख्या आल्या नाहीत तर ते ती पट्टी बाजूला ठेवायचे, ओरडायचे नाहीत. औषधाचा साका बाटलीच्या तळाशी बसायचा, म्हणून देताना प्रत्येकाला न चुकता एकच वाक्य सांगायचे: “हलवून घ्या हं, नाहीतर पहिले डोस पाणी आणि शेवटचा नुसता गाळ.”